चौकटीतलं

"चार कारणं विचारली होती. हिने एकच लिहिलंय," इतिहासाचे सर म्हणाले आणि त्यांनी उत्तरपत्रिका मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर अशी ठेवली, जणू चोरीचा मालच पकडून आणला आहे.

प्रश्न होता, '१९३३ नंतर जर्मनीतील बेकारी कमी होण्याची चार कारणे लिहा.' मुलीला सराव परीक्षेत पास व्हायला दोन मार्क कमी पडत होते आणि नेमका या उत्तराला भोपळा मिळाला होता.

मुलगी टेबलाशी उभी होती. शेजारी खुर्चीच्या टोकावर तिची आई. कारखान्यातून अर्धी रजा टाकून आली होती आणि आल्यापासून तिने तीनदा माफी मागितली होती, कशाची ते तिलाही माहीत नव्हतं.

बाई गोड बोलत होत्या. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "अहो, आम्ही काय तिला काढतोय का? तिने फक्त बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसायचं. पेपर तोच, केंद्र तेच. शाळेचं नाव तेवढं लागणार नाही."

"आणि वर्गात?" आईने विचारलं.

"बाहेरून म्हटल्यावर वर्ग कुठला? घरी अभ्यास करेल की. हुशार आहे पोरगी."

अर्ज टाइप करून तयारच होता. सुरुवातच 'मी स्वेच्छेने' अशी. स्वेच्छासुद्धा आयती टाइप करून मिळते, हे आईला आजच कळलं. तिने पेन हातात घेतलं.

"आई, थांब," मुलगी म्हणाली. "सर, माझं उत्तर एकदा मोठ्याने वाचा ना."

"वाचलंय मी."

हे काही खरं नव्हतं. सर उत्तरं वाचत नसत, शोधत. रस्ते, शस्त्रं, सैन्यभरती, श्रमसेवा. शब्द दिसला की खाली लाल रेघ आणि एक मार्क. चहा निवायच्या आत अर्धा गठ्ठा हातावेगळा व्हायचा आणि याचा त्यांना अभिमान होता. या उत्तरात रेघ ओढायला काही सापडलंच नव्हतं.

"वाचा हो, होऊन जाऊ दे," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

सरांनी कपाळाला आठ्या घालून वाचायला घेतलं. "'सर्वांत मोठे कारण म्हणजे मोजणी. बायकांना नोकरी सोडायला लावून घरी बसवले. ज्यूंना कामावरून काढून टाकले. मग यांना बेकारांत धरलेच नाही. देश सावरला असे सगळ्यांना वाटले, कारण जे सावरले नव्हते त्यांना मोजलेच नव्हते.'"

"हे कुठून आणलंस गं?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकातूनच. धड्याच्या शेवटी चौकटीत आहे."

"चौकटीतलं परीक्षेला नसतं!" सर उसळले. "वर्षभर घसा फोडून सांगतोय."

"पण खरं असतं ना, सर?" मुलीचा आवाज चढला. रागाने तिचे कान लाल झाले होते. "मग खरं लिहिलं म्हणून शून्य?"

"आवाज खाली," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातली साखर आता संपत आली होती. "या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. तो उगाच लागत नाही. ताई, सही करा बघू."

आईने पेन कागदाला टेकवलं आणि पुन्हा उचललं. तिला एक धास्ती वाटत होती आणि ती विचारल्याशिवाय तिला राहवेना. "बाई, ही बाहेरून बसली आणि उद्या चुकून नापास झाली, तर आमच्यामुळे तुमच्या निकालाला बट्टा नाही ना लागणार?"

"छे छे!" सर तिला धीर देत म्हणाले. "त्याची काळजी सोडा. बाहेरून बसणाऱ्यांना आपण धरतच नाही."

बोलून गेले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एरवी सरांनी तिथून काढता पाय घेतला असता. पण सर उत्तरपत्रिकेकडे बघत होते. बहुधा पहिल्यांदाच.

आईने पेन खाली ठेवलं. माफी मागणारी आई आता त्या खुर्चीत नव्हती. ती पाठ टेकवून नीट बसली.

"सर, मग या उत्तराला चारपैकी किती?" आईने विचारलं.

बाईंनी झटकन उत्तरपत्रिकेवर तळहात ठेवला. सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं आणि तो हात उचलला जाण्याची वाट बघत ते तिथेच उभे राहिले.