चित्रावरचा अंगठा

पक्षाघातानंतर आई पहिल्यांदाच घडाघडा वाचत होती. "कमळ. मगर. बदक." तक्त्यावरून बोट सरकत होतं, तसा शेजारी बसलेल्या हेमांगीचा जीव भांड्यात पडत होता. आईचा उभा जन्म पहिलीच्या वर्गाला वाचायला शिकवण्यात गेलेला. अक्षरं तिला सोडून जातीलच कशी?

मग हेमांगीला आईचीच रीत आठवली. पोरं चित्र बघून शब्द ठोकून देतात, म्हणून आई चित्रावर अंगठा ठेवायची. ज्याला वाचता येत नसे, तो लगेच करंगळी दाखवून बाहेर पळायचा. घरी आल्यावर आई हे हसत सांगायची.

हेमांगीने पुढचं चित्र अंगठ्याने झाकलं. खाली लिहिलं होतं, 'घर'.

"आता वाच."

आईचं बोट शब्दाखाली थांबलं. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. तो अंगठा कशासाठी असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"राहू दे आई, दमलीस तू," हेमांगी म्हणाली.

आईने मान खाली घातली आणि मांडीवरचा हात उचलून हळूच करंगळी वर केली.