खुर्च्या कमी पडल्या

"साहेब, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण कालच्या पालक-शिक्षक सभेला खुर्च्या कमी पडल्या! आईबाप खिडक्यांत चढून बसले. शाळा बंद होऊ देणार नाही, असं एका सुरात ओरडले!"

शाळा बंद करायच्या कागदावर सही करायला आलेले नवे साहेब उभ्यानेच ऐकत होते. त्यांचं पेन थबकलं, तसा मला आणखी चेव आला. बाईंनीही डोळे पुसत माझी री ओढली, "पाय ठेवायला जागा नव्हती हो!"



"काहीतरीच काय, आजोबा!" पहिलीतली माझी नात म्हणाली. "खुर्च्या तर परवाच टेम्पोतून दुसऱ्या शाळेत नेल्या. काल जमिनीवर तुम्ही, बाई आणि मीच तर होतो!"