रेडिओची रेघ

मारेगावजवळच्या त्या गावात पंचायतीचा रेडिओ आला, तशी सरपंच पुंडलिकराव पाटलांनी ओट्यावर चुन्याची रेघ ओढून घेतली. "यातून लहरी निघतात. अंगाले बाधतात. रेघेच्या आत येऊ नोका," असं त्यांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या वस्तीतल्या लोकांना बजावलं. लोक बिचकून लांब बसले. तिथवर गाण्याचा सूर तेवढा यायचा, बातम्यांतलं बोलणं कळायचं नाही.

वस्तीतली रुखमाबाई मात्र रोज रेघेपलीकडे निरखत राहायची. सरपंचांची नात विमल खुशाल रेडिओला पाठ टेकून बसलेली असायची.

"तुमच्या पोरीले नाही बाधत का, पाटील?" एके दिवशी तिनं विचारलंच.

"तिले सवय आहे."

रुखमाबाईच्या मनात आलं, लहरी खरंच बाधत असल्या तर? तरी ती उठली, रेघ ओलांडून गेली आणि विमलच्या शेजारी जाऊन बसली.

"विमल, ऊठ तिथून! इकडे ये आधी!" पुंडलिकराव ओरडले.

रुखमाबाईच्या मनातली लहरींची भीती त्या क्षणी गेली. तिनं नीट मांडी घातली आणि बातम्या ऐकू लागली.