वाऱ्याचं माप

सत्तावन्न साली उत्तमसिंगानं वर्धा नदीतल्या आपल्या नावेला शीड बसवलं, आणि वारं मोजायचं यंत्र घ्यायला तो नागपूरला गेला. दुकानदारानं एक गरगर फिरणाऱ्या वाट्यांचं दाखवलं, एक काट्याचं दाखवलं. उत्तमसिंगानं दोन्ही उलटीपालटी करून पाहिली अन् परत ठेवली.

"मले कायले पाह्यजे हे? माही सुखी हाय ना."

नदीकाठच्या खळ्यावर त्याची बायको सुखीबाई तिवईवर उभी राहून सुपानं ज्वारी उपणायची. वारं बेताचं असलं की नुसता भुसा उडायचा. जोराचं सुटलं की दाणेही उडायला लागायचे, मग ती खाली उतरून बसायची. पलीकडच्या काठावरून उत्तमसिंग तेवढंच पाहायचा. सुखी उभी दिसली तर शीड वर, बसली तर शीड खाली. नाव कधी डगमगली नाही.

माघात त्यानं पलीकडच्या तांड्यावर दुसरं लग्न लावलं आणि नवरीला घेऊन तो घरी निघाला. काठावरची झाडं वाकत होती. नवरी नावेत बसायला कचरली.

"भेऊ नको," तो म्हणाला. "थे पाह्य, सुखी उभी हाय."

सुखी खरंच तिवईवर उभी होती, हात उंच करून सूप हलवत होती. त्यानं निर्धास्तपणे शीड चढवलं.

मधल्या डोहात नाव कलंडली, तेव्हा खळं त्याला जवळून दिसलं.



ते कधीचंच झाडून झालं होतं. सुखी रिकामं सूप हलवत होती.