कार्डिनलसाहेबांचा आवाज

"आत्याबाईंस्नी काय सांगायचं ते आधी ठरवा," पारूबाई म्हणाल्या. "मला खोटं बोलाय जमत न्हाई."

"घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीय. एवढंच," फादर कुणाल म्हणाला.

तो कार्डिनल योसेफ भंडारेंचा सचिव. साहेब अजून कराडच्या चर्चमध्ये लोकांचे नमस्कार घेत होते, आणि कुणाल पुढे ओगलेवाडीच्या त्यांच्या घरी आला होता. चार महिन्यांपूर्वी रोममध्ये साहेबांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. आता ओठ हलत, पण आवाज फुटत नसे, कुजबुजसुद्धा नाही. चर्चच्या प्रसारमाध्यमांची धुरा ज्याने वीस वर्षं वाहिली, त्याच्याच वाट्याला हे यावं, याचा कुणालला देवावर थोडा रागच होता.

"सांभाळून हां," साहेबांच्या भावजय पारूबाई म्हणाल्या. "दर ऐतवारी मोबाईलवर लेकाचं तोंड दिसायचं. आपरेशननंतर तुमी ते बंद केल्यापासनं म्हातारी अर्धी भाकरी खातीया. आवाज गेल्याचं कळलं तर तीबी सुटंल."

साहेबांच्या आई, नव्वदी ओलांडलेल्या साळूबाई, ओसरीवर लसूण सोलत होत्या. तेवढ्यात पलीकडून मालगाडी धडधडत निघाली. पारूबाई बोलायच्या थांबल्या, कुणाल थांबला. साळूबाई मात्र समोरच्या भाजीवालीला मेथीच्या भावावरून सुनावतच राहिल्या. रेल्वेसाठीही त्या बोलणं थांबवत नसत.

"लय मानी," पारूबाई हसून म्हणाल्या. "पाठीमागनं हाक मारली तर ओ देत न्हाईत. म्होरं जाऊन हुबं ऱ्हायला लागतंय."

तीस वर्षं ही सून अशी समोर जाऊन उभी राहत आली होती, आणि तरी सासूवर तिचा जीव होता.

साळूबाईंनी नन लोकांच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली. घंटा वाजली की लहानगा योसेफ धावत येऊन आईचा पदर ओढायचा. आईवेडं पोर म्हणून सगळे त्याला चिडवत. पुढे तो पुण्याला धर्मगुरू झाला आणि रेडिओवर बोलू लागला. रविवारी सगळी आळी या ओसरीवर जमायची. साळूबाई रेडिओकडे बघायच्याच नाहीत, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायच्या. लोक हसले की हसायच्या, लोकांनी डोळे पुसले की पदर डोळ्यांना लावायच्या.

रोममध्ये गेल्यावर या माणसाने एकच हट्ट धरला. नुसता आवाज पुरत नाही, बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. रेडिओवाल्या जुन्या फादरांनी नाकं मुरडली, पण साहेबांनी जिथे तिथे कॅमेरे बसवून घेतले. नव्या निवेदकांना ते दम देत: दाढीमिशा काढा, उजेडात बसा, शब्द पुरता उच्चारा. कुणालनेही त्यांच्याच धाकाने मिशी काढली होती, आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटे.

घसा बसल्याचा बहाणा त्याने साहेबांना सकाळीच सांगितला होता. साहेबांनी हसून मान हलवली आणि मोबाईलवर लिहून दाखवलं, "माझी खुर्ची खिडकीसमोर ठेवायला सांग." एवढ्या गंभीर गोष्टीला हे काय उत्तर, असं कुणालला वाटलं. तरी त्याने साळूबाईंना आत बसवून खुर्ची तशी ठेवली.

साहेब आले. गळ्याला पांढरा रुमाल, अंगाने निम्मे. ते आईच्या पाया पडले, खुर्चीत बसले आणि उजेडाकडे तोंड केलं. कुणालने घसा खाकरला, "आजी, साहेबांचा घसा..."

साळूबाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

साहेबांचे ओठ हलले. खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"जेवले की," साळूबाई म्हणाल्या. "पर तू किती वाळलास रं."

ओठ पुन्हा हलले.

"पारीनं चुगली केली वाटतं. खाईन आता पोटभर."

कुणाल बघतच राहिला. इतके महिने सोबत राहूनही साहेबांचं एक वाक्य त्याला लिहून दाखवल्याशिवाय कळत नव्हतं. इथे आई आणि लेक रोमच्या थंडीबद्दल बोलत होते, बोरीच्या झाडाबद्दल बोलत होते, मध्येच एकमेकांना हसत होते. आवाज एकट्या आईचाच येत होता, आणि तिला दुसऱ्या आवाजाची वाट पाहावी लागत नव्हती.

पारूबाईंना राहवलं नाही. त्या सासूच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांना धार लागली होती.

"आत्याबाई, मला खोटं बोलवत न्हाई. भावजींचा आवाज गेलाय. कायमचा."

साळूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पदराने तिचे डोळे पुसले.

"माझ्या कानांस्नी त्यो कवाच गेला, पोरी," त्या म्हणाल्या. "ह्यो सा वर्सांचा हुता आन मला मोठा ताप आला, तवा. तवापासनं आमी दोघं असंच बोलतूय."