मध्यम प्रतीची कार्डं

शलाकाच्या बारावीनंतर बाबांनी कॉलेजच्या फीसाठी विकायला म्हणून तिला कपाटातला डबा दिला. तिच्या शिक्षणाची एफडी मोडून त्यांनी त्यातली क्रिकेटपटूंची जुनी कार्डं घेतली होती, पुढे भाव वाढेल म्हणून. कोपरे दुमडलेले, म्हणून स्वस्तात मिळालेली.

ती डबा घेऊन गेली, तर जुन्या संग्राह्य वस्तूंच्या दुकानदाराने कार्डं प्लास्टिकमधून बाहेरही काढली नाहीत. "कोरी करकरीत असती तर शौकिनांनी घेतली असती. असली मधल्या प्रतीची कोणी घेत नाही. कुणी घ्यायला सांगितली?"

वडिलांनी, असं सांगायची तिला लाज वाटली.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

एरवी ती भांडली असती. आज तिला भांडावंसंही वाटलं नाही. "आणखी थांबा, भाव वाढेल म्हणाला," तिने खोटंच सांगितलं.

"बघ, मी सांगत नव्हतो?" बाबा खुशीत म्हणाले.

स्वयंपाकघरात जाऊन ती आईला म्हणाली, "कॉलेजचं माझं मी बघते. यापुढे बाबांना काही विचारायचं नाही."