चिमूटभर साबण

बेलापूरच्या घरी गोबरगॅसवर चहा ठेवता ठेवता आईनं विचारलं, "रेश्मा, तुमी लॅबमदी गॅसचा बरफ करता, त्यात टाकता तरी काय गं?"

"साबणासारखी पूड. तिच्यामुळे गॅस बर्फात पटकन अडकतो, मग साठवता येतो."

"येवढं शिकून शेवटी साबनच व्हय!" आई हसली. "मला दाखव की येकदा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी आई झोपेतून उठलीच नाही.

तेराव्यानंतर रेश्मा प्रयोगशाळेत परतली. चिमूटभर पुडीनं बर्फ भराभर जमला. तिनं काडी ओढली. आईला अग्नी दिलेल्या त्याच हातानं ती बर्फाला लावली. बर्फ निळसर ज्योतीनं पेटला.

"ये आई," रिकाम्या खोलीत ती मोठ्यानं म्हणाली, "तुला दाखवते."